कार्डिअ‍ॅक रिहॅबमध्ये नक्की काय करतात? माझे बारा आठवडे आणि तुमचे प्रश्न

पाऊलखुणा

नमस्कार मंडळी,

मागच्या आठवड्यात माझं छत्तिसावं सत्र झालं. आठवड्यातून तीनदा, असे बारा आठवडे. हार्ट अटॅक आला तेव्हा मी ५४ वर्षांची होते. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवला आणि चौथ्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्जच्या कागदावर अगदी खाली एक ओळ होती, 'कार्डिअ‍ॅक रिहॅबला जावे'. हृदयाच्या दुखण्यानंतर देखरेखीखाली व्यायाम आणि मार्गदर्शन देतात, ते हे रिहॅब. पण ती ओळ कोणी समजावून सांगितली नाही आणि मीही विचारली नाही. दहा-बारा दिवसांनी गोळ्यांच्या वेळा बघायला कागद उघडला, तेव्हा ती पुन्हा नजरेला पडली. नाहीतर राहूनच गेलं असतं. बायकांचं हे फार राहून जातं. मुळात त्यांना पाठवतातच कमी, आणि पाठवलं तरी घरातलं सगळं उरकल्यावर बघू म्हणत दिवस निघून जातात. म्हणून हा धागा.

त्या दहा-बारा दिवसांबद्दल आधी सांगते, कारण तिथूनच सगळं सुरू होतं. मी आंघोळीला गेले की दाराला आतून कडी लावत नव्हते. डाव्या कुशीवर झोपलं की उशीत ठोके ऐकू यायचे, ते मोजत पडून राहायचे. जिना चढताना चौथ्या पायरीवर थांबायचे. दम लागला म्हणून नाही, दम लागेल म्हणून. 'हळूहळू चालायला लागा' असं सगळे सांगत होते, पण हळूहळू म्हणजे किती? किती वेळ, किती वेगाने, आणि छातीत जरा काही वाटलं तर ते कशाचं? रिहॅबमध्ये मला या 'किती'चं उत्तर मिळालं.

पहिल्या दिवशी व्यायाम जवळजवळ नसतोच. तासभर विचारपूस झाली. औषधं, बीपी, वजन, कमरेचा घेर, साखर, कोलेस्टेरॉल, झोप, तंबाखू-सिगारेट, कामाचं स्वरूप, घरी मदतीला कोण. मनाच्या अवस्थेबद्दल एक प्रश्नावलीही भरून घेतली. मग सहा मिनिटांची चालण्याची चाचणी. लांब पॅसेजमध्ये दोन खुणा केलेल्या असतात, त्यांच्यामध्ये सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं. थांबायची मुभा असते, पण घड्याळ थांबत नाही. मी ३१० मीटर चालले आणि दोनदा भिंतीला टेकले. काही केंद्रांत याऐवजी ट्रेडमिलवर ईसीजी लावून स्ट्रेस टेस्ट करतात. तुमचा व्यायाम कुठून सुरू करायचा हे यावरूनच ठरतं, त्यामुळे शेजारच्या माणसाशी तुलना करून काही उपयोग नसतो.

पुढची सत्रं साधारण एकाच ठरावीक क्रमाने होतात. गेल्यावर छातीवर चिकट इलेक्ट्रोड लावतात, कमरेला काडेपेटीपेक्षा थोडा मोठा ट्रान्समीटर अडकवतात आणि तुमचा ईसीजी पलीकडच्या स्क्रीनवर सतत दिसत राहतो. बीपी बघतात. दहा-पंधरा मिनिटं वॉर्मअप, मग ट्रेडमिल किंवा सायकल, सुरुवातीला थोडा वेळ आणि पुढे वाढवत अर्धा-पाऊण तास. शेवटी कूलडाउन, पुन्हा बीपी, आणि थोडा वेळ बसवून ठेवतात. काही आठवड्यांनी हलकी वजनं आणि रबरी पट्ट्यांचे व्यायाम येतात. वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही, जोर लावताना सोडायचा, हे इतक्या वेळा सांगतात की आता मी बादली उचलतानाही श्वास सोडते.

भिंतीवर एक तक्ता असतो, ६ ते २० आकड्यांचा. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने केलेली ही मोजपट्टी. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे याहून जास्त शक्यच नाही. मला प्रश्न पडला होता की ६ पासून का? तर निरोगी तरुण माणसाच्या बाबतीत त्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडीचा आकडा येतो. आपल्यासारख्यांना बहुतेक वेळा ११ ते १३ मध्ये ठेवतात. दर थोड्या वेळाने थेरपिस्ट येऊन विचारते, "किती?" आणि आपण आकडा सांगायचा.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी "१५" म्हणाले. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही आत्ता माझ्याशी तीन वाक्यं सलग बोललात. हे १५ आहे, की १५ होईल अशी भीती आहे?" मी चालता चालता पायांकडे लक्ष दिलं, मग श्वासाकडे. पोटऱ्या गरम झाल्या होत्या, तोंड कोरडं पडलं होतं, पण धाप लागली नव्हती. "१०," मी म्हणाले. तिने वहीत लिहिलं आणि वेग एका टप्प्याने वाढवला. श्रम कुठले आणि भीती कुठली, हे वेगळं करता येतं, ते मला त्या दिवशी कळलं.

चौथ्या सत्रात सायकलवर असताना छातीत एकदम चुकल्यासारखं झालं. मी पाय थांबवले. नर्स स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली, "दिसला मला तो ठोका. एकच जास्तीचा होता, असे येतात. बाकी काही वाटतंय का? नाही ना, मग हळू चालू ठेवा." घरी हेच झालं असतं तर मी पुढचे चार दिवस पलंगावर काढले असते.

काही विचारायचं असेल तर विचारा. मी डॉक्टर नाही, जे अनुभवलं तेवढं सांगेन.

उंबरठा

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत, बायपास होऊन तीन आठवडे झालेत. डॉक्टरांनी रिहॅबचं सुचवलंय, पण बाबा ऐकायला तयार नाहीत. "छातीचं हाड कापून तारांनी बांधलंय आणि तुम्ही मला सायकल चालवायला लावताय" असं म्हणतात. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते. बाथरूमला गेले तरी मी मागे उभा असतो.

चौथा_मजला

मी फिजिओथेरपिस्ट आहे, अकरा वर्षं कार्डिअ‍ॅक रिहॅबमध्ये काम करतेय. पाऊलखुणा ताईंनी फार नेमकं लिहिलंय. उंबरठा, तुमच्या बाबांची भीती चुकीची नाही, फक्त ती चुकीच्या ठिकाणी लागलीय.

छातीचं हाड साधारण ६ ते ८ आठवड्यांत जुळतं, पूर्ण पक्कं व्हायला तीनेक महिने लागू शकतात. तोपर्यंत जपायचं ते हातांना. जड उचलायचं नाही, एका हाताने ओढायचं-ढकलायचं नाही, दोन्ही कोपरं अंगालगत ठेवून काम करायचं. पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि मग उठायचं. खोकला आला की छोटी उशी छातीशी घट्ट धरायची. हाडातून 'कट' असा आवाज येत असेल, हाड सरकल्यासारखं वाटत असेल किंवा जखमेतून स्राव येत असेल, तर लगेच सर्जनला दाखवायचं. पण पायांनी चालायला यातलं काहीच आड येत नाही. आमच्याकडे बायपासच्या पेशंटला पहिले काही आठवडे हातांचे वजनाचे व्यायाम देतच नाही. सगळं पायांवर.

बायपाससाठी पायातून शीर काढली असेल तर तो पाय सुजतो आणि घोट्याजवळ बधिर वाटतं. बऱ्याच जणांना छातीच्या डाव्या बाजूलाही बधिरपणा असतो. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो.

आता आरामाबद्दल, कारण 'अटॅकनंतर पडून राहावं' ही समजूत डॉक्टरांमध्येसुद्धा अनेक दशकं होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सहा-सहा आठवडे पलंगावर ठेवत. १९५२ मध्ये लेव्हिन आणि लाऊन या अमेरिकन डॉक्टरांनी पेशंटला खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा तेसुद्धा धाडस वाटलं होतं. पुढे १९६६ मध्ये डॅलसमध्ये एक अभ्यास झाला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं. त्यांची शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्श्याहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी क्षमता गेली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या पलंगाने नेली होती. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या पेशंटच्या घरच्यांना सांगते. बाबांना सांगून बघा.

उंबरठा

हे वाचून दाखवतो त्यांना. खूप आभार. पण समजा तिथे व्यायाम करतानाच काही झालं तर?

चौथा_मजला

देखरेखीखालच्या व्यायामात गंभीर प्रसंग फार क्वचित येतो, आणि आलाच तर डिफिब्रिलेटर (शॉक देऊन ठोके पूर्ववत करणारं यंत्र) आणि तो वापरायचं प्रशिक्षण घेतलेली माणसं त्याच खोलीत असतात. आणि कोणालाही सरसकट उभं करत नाहीत. बसल्या जागी छातीत दुखत असेल, ठोक्यांची गंभीर गडबड आटोक्यात नसेल, हृदयाची झडप खूप अरुंद होऊन त्रास देत असेल, हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडणं) बळावलेलं असेल, साधा ताप असेल, तरी त्या दिवशी व्यायाम बंद. मी अनेकांना नुसतं बीपी बघून घरी पाठवलंय. ते नाराज होतात, पण आम्ही तसंच करतो.

फायद्याचं म्हणाल तर २०२१ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळून बघणाऱ्या संस्थेचा मोठा आढावा आला. ८५ चाचण्या, २३ हजारांवर पेशंट. व्यायामावर आधारलेल्या रिहॅबने हृदयविकाराने होणारे मृत्यू, पुन्हा येणारे अटॅक आणि रुग्णालयात भरती होणं, तिन्ही कमी होतात असं त्यात दिसलं.

झुळूक

वाचतेय. माझे मिस्टर जातात, व्यायामाचं छान चाललंय. पण घरी आल्यावर चिडचिड, कोणाशी बोलणं नाही. परवा जाहिरात बघताना डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. तीस वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. हे औषधांमुळे होतं का?

पाऊलखुणा

झुळूक ताई, मी तुमच्या मिस्टरांच्या जागी होते. अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला चांगलंच नैराश्य येतं, असं आम्हाला तिथल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं. आणि ते अंगावर काढू नका, कारण नैराश्यात माणूस गोळ्या चुकवतो, व्यायाम सोडतो आणि पुढचा धोका वाढतो. पहिल्या दिवशी जी प्रश्नावली भरून घेतात ती याचसाठी. मी त्या वेळी सगळीकडे 'नाही'वर खूण केली होती. झोप लागते का? हो. रडू येतं का? नाही. सगळं खोटं. सहाव्या आठवड्यात पुन्हा दिली तेव्हा खरं लिहिलं, मग मदत मिळाली.

तुम्ही स्वतः केंद्रात फोन करून सांगा. त्यांच्या मागे सांगताय असं वाटून घेऊ नका. आणि तुमचीही झोप उडाली असणार, तेही सांगा. आमच्याकडे घरच्यांसाठी वेगळं सत्र होतं. माझा नवरा तिथे पहिल्यांदा बोलला, की तो रात्री माझ्या नाकापुढे हात धरून श्वास बघतो. मला पत्ताच नव्हता.

चौथा_मजला

औषधांचा भाग डॉक्टरांना विचाराच, पण कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू देऊ नका. विशेषतः स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या. त्या मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये रक्ताची गाठ होऊ शकते.

मंदवारा

माझी गोष्ट जरा वेगळी आहे. हार्ट फेल्युअर, ईएफ (दर ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकतं त्याचं प्रमाण) ३० टक्के, छातीत आयसीडी, म्हणजे ठोके धोकादायक बिघडले तर आतून शॉक देणारं यंत्र, बसवलंय. मला कोणी रिहॅबचं नावच काढलं नव्हतं, कारण 'एवढ्या कमजोर हृदयाला व्यायाम कसा' असंच सगळ्यांना वाटतं. दुसऱ्या डॉक्टरांनी पाठवलं.

माझी भीती एकच होती, व्यायामाने ठोके वाढले तर यंत्र शॉक देणार. तिथे पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या यंत्राचे सेटिंग मागवून घेतले. यंत्र ज्या गतीला जागं होतं, त्याच्या १० ते २० ठोके खालीच माझी मर्यादा ठेवली. तो आकडा त्यांनी माझ्या वहीवर लाल पेनाने लिहून दिला. त्यानंतर भीती राहिली नाही, कारण आता नक्की कुठे थांबायचं ते माहीत होतं.

तिथेच रोज सकाळी वजन करायची सवय लागली. उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नाही, पाणी साठतंय, लगेच फोन करायचा. मला एकदा असं वेळेत कळलं, गोळी वाढवून भागलं, भरती व्हावं लागलं नाही. मिठाचंही तिथेच कळलं, की वरून घेतो त्यापेक्षा तयार पाकिटांतून जास्त जातं, आणि पाकिटामागचं वाचायचं कसं.

वळणवाट

मी तिसऱ्या आठवड्यात सोडलं. केंद्र लांब, नोकरी परत सुरू झाली. आता हे सगळं वाचून रुखरुख लागलीय. परत जाता येतं का? की घरीच चालण्याचा व्यायाम करू?

चौथा_मजला

जाता येतं, फोन करा, कोणी रागावणार नाही. आमच्याकडे चार महिन्यांनी परत आलेले लोक आहेत. आणि घरच्या घरी करायचं रिहॅबही आता बऱ्याच ठिकाणी असतं. सुरुवातीची तपासणी केंद्रात, मग घरी ठरवून दिलेला व्यायाम आणि फोनवर किंवा व्हिडिओवर पाठपुरावा. कमी ते मध्यम धोका असलेल्यांमध्ये त्याचे परिणाम केंद्राइतकेच चांगले दिसलेत. पण 'घरी चालतो' आणि 'घरचं रिहॅब' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यात तुमचा आकडा कोणीतरी विचारत असतो.

चालताना एक सोपी खूण लक्षात ठेवा. सलग वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. गाणं म्हणता येत असेल तर वेग वाढवा, वाक्य तुटत असेल तर कमी करा. आणि कूलडाउन कधीही टाळू नका. व्यायामात पायांच्या रक्तवाहिन्या उघडलेल्या असतात. एकदम थांबलात तर रक्त पायांत साचतं, बीपी उतरतं, चक्कर येते, ठोके बिघडू शकतात. त्यामुळे लगेच गरम पाण्याखाली उभं राहायचंही टाळा. जेवल्यावर तास-दीड तास जाऊ द्या.

वळणवाट

धन्यवाद, उद्याच फोन करतो. मनगटावरच्या घड्याळातले ठोके बघून चालेल का?

चौथा_मजला

बीटा ब्लॉकर (ठोके मंद ठेवणारी गोळी) चालू असेल तर नाडी मुद्दाम दाबून ठेवलेली असते, त्यामुळे घड्याळातल्या तयार सूत्राची मर्यादा तुम्हाला लागूच होत नाही. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडणं) असेल तर ठोके इतके अनियमित असतात की घड्याळ हमखास चुकतं. म्हणून भिंतीवरच्या त्या ६ ते २० वर आमचा जास्त भरवसा. आणि घड्याळ दर दोन मिनिटांनी बघितलं की ताईंनी लिहिलंय ते उशीतले ठोके मोजणंच पुन्हा सुरू होतं.

नवीन_सभासद

संकोच वाटतो, पण इथे कोणी ओळखत नाही म्हणून विचारतो. पतिपत्नी संबंधांचं काय? डॉक्टरांना विचारायचं धाडस होत नाही.

चौथा_मजला

हा प्रश्न जवळपास प्रत्येकाच्या मनात असतो आणि जवळपास कोणी विचारत नाही. ठोकताळा असा की दोन मजले जिना भराभर चढून छातीत दुखत नसेल आणि फार धाप लागत नसेल, तर शरीर साधारण तयार आहे. बायपासनंतर हाडावर भार येणार नाही हे बघायचं.

एक गोष्ट मात्र अगदी स्पष्ट. जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी किंवा स्प्रे तुमच्याकडे असेल, तर लैंगिक ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलसारखी औषधं घ्यायची नाहीत. दोन्ही एकत्र आली तर बीपी धोकादायकरीत्या कोसळतं. याबाबत डॉक्टरांना संकोच न करता विचाराच. ती नायट्रेटची गोळी घेतानाही आधी खाली बसायचं, उभ्याने घ्यायची नाही.

नवीन_सभासद

मनावरचं ओझं उतरलं. आभारी आहे.

झुळूक

केंद्रात फोन केला होता. त्यांनी ह्यांना पुढच्या सत्रात वेगळं बसवून बोलतं केलं. घरी आल्यावर म्हणाले, "तुला कोणी सांगितलं होतं का फोन करायला?" मी म्हटलं नाही, माझं मीच केलं. गप्प बसले, पण रागावले नाहीत. पुढच्या सोमवारी समुपदेशकांकडे दोघं जातोय.

पाऊलखुणा

झुळूक ताई, फार बरं वाटलं वाचून.

बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलंय की बारा आठवड्यांनी काय फरक पडला. सहा मिनिटांत ३१० मीटर होते, ते शेवटी ४६५ झाले, आणि भिंतीला टेकावं लागलं नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, खाली आलं, पण ते गोळीनेही आलं असेल, त्याचं श्रेय मी व्यायामाला देणार नाही. वजन फक्त दीड किलो उतरलं. यावर मी निराश झाले होते, पण कमरेचा घेर चार सेंटीमीटर कमी झाला. आता पुढचा टप्पा, म्हणजे देखरेखीशिवाय आपला आपण व्यायाम चालू ठेवायचा. त्याचीच धास्ती जास्त वाटते. आमच्या तुकडीतल्या तिघी जणींनी आठवड्यातून तीनदा ठरलेल्या वेळी एकत्र चालायचं ठरवलंय. चालताना एकमेकींना आकडा विचारतो. आणि आंघोळीला गेले की कडी लावते.

उंबरठा

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलोय. डॅलसच्या पाच तरुणांची गोष्ट बाबांनी दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, एक दिवस बघून येऊ. आज सहावं सत्र झालं. सायकल अजून दहा मिनिटंच आहे, बाकी चालणं. पहिल्या पाच वेळा ते आकडा सांगताना माझ्याकडे बघायचे आणि मी काही बोलायच्या आत "१४, १४" म्हणायचे. आज थेरपिस्टने मला बाहेर बसायला सांगितलं. तासाभराने बाबा बाहेर आले, वही माझ्या हातात दिली. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, १२.